बारभाईंचा रस्ता

बासी ईदच्या दिवशी, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, शीरखुर्म्याचा डबा घेऊन धाकट्या बहिणीकडे चाकणला जायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा रिवाज आहे. मी राहतो पिंपरीत. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. पूर्वी भोसरीहून बस धरली की तासाभरात चाकणच्या वेशीवर उतरत असे. अलीकडे एकदा मला सव्वादोन तास लागले. डब्यातला शीरखुर्मा आटून खिरीचा सांजा झाला होता. बहीण काही बोलली नाही, तिने त्यात वाटीभर दूध घातले आणि सर्वांना वाढले. तिचा मुलगा मात्र हसला. तो महाळुंग्याच्या बाजूला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. मला म्हणाला, “मामू, तुम्ही वर्षातून एकदा येता. माझी कंपनी घरापासून सहा किलोमीटरवर आहे. सातच्या पाळीसाठी मी साडेपाचला निघतो. कारण मध्ये तळेगाव चौक आहे.”

पंधरा मिनिटे उशीर झाला की त्याचा अर्धा दिवस कापतात. महिन्यात असे तीन-चार दिवस झाले की किराण्याचे गणित बिघडते. आपण वाहतूक कोंडी म्हणतो, पेपरात चौकाचा फोटो पाहतो आणि पान उलटतो. ज्याच्या पगारातून ती कोंडी कापली जाते, त्याला ती दुसऱ्याच हिशेबात दिसते.

त्या दिवशी भाच्याने मला एक साधा प्रश्न विचारला. “मामू, तुम्ही पेपरात लिहिता. मला एवढेच सांगा, हा रस्ता आहे कोणाचा? तक्रार करायची तर कोणाकडे?” मला वाटले, सोपे आहे. मी शोधायला निघालो. चौकाजवळ पायी रस्ता ओलांडण्याच्या जागी दिवा नव्हता, त्याबद्दल एक अर्ज लिहिला. पहिल्या कार्यालयात सांगितले, हा भाग आमचा नाही. दुसऱ्याने सांगितले, रस्ता आमचा, पण दिवा आमचा नाही. तिसऱ्या ठिकाणी एका सज्जन कारकुनाने मला चहा पाजला आणि खालच्या आवाजात सांगितले, “साहेब, अर्ज उत्तम लिहिलाय, पण आमचा शिक्का मारून उपयोग काय?” या कार्यालयांची नावे मी घेत नाही. त्यांचा दोष आहे असेही मला वाटत नाही. तिघेही खरे बोलत होते.

कारण हिशेब करून पाहा. पुणे-नाशिक रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग, तो केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे. त्याला आडवा जाणारा तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता, तोही कागदावर राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक ५४८ डी, पण त्याची कामे राज्याच्या यंत्रणांकडे. कारखान्यांच्या आतले रस्ते एमआयडीसीचे. चाकण गावातले रस्ते नगरपरिषदेचे. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांतले रस्ते ग्रामपंचायतींचे, नाहीतर जिल्हा परिषदेचे. नवी इमारत कुठे उठणार आणि तिच्यासमोर रस्ता किती रुंद सोडणार, हे ठरवायचा अधिकार बऱ्याच ठिकाणी पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. विजेचे खांब महावितरणचे. आणि चौकात उभा राहून हात हलवणारा हवालदार? तो पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाचा. हे आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झाले आणि चाकण त्याच्या हद्दीत आले. म्हणजे चाकणला पोलीस पिंपरी-चिंचवडचे, पण महानगरपालिका पिंपरी-चिंचवडची नाही. तिची हद्द मोशीला इंद्रायणीच्या अलीकडेच संपते. नदी ओलांडली की आपण पालिकेच्या जगातून बाहेर पडतो. कंटेनरच्या चालकाला अर्थात ते कळत नाही. त्याच्या चाकाखाली डांबर तेच असते.

हे असे का झाले? चाकण हे जुने गाव. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला, ते हेच चाकण. नंतर त्याची ओळख कांद्याच्या बाजाराची. पिंपरी-चिंचवडचे तसे नव्हते. तिथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मागोमाग मोठे कारखाने आले, आणि गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली. १९७२ मध्ये कामगारांच्या घरांसाठी नवनगर विकास प्राधिकरण आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कारखाने आणि पालिका साधारण एका वयाच्या. जकातीच्या पैशातून रुंद रस्ते झाले. चाकणला कारखाने आधी आले. बजाजचा कारखाना नव्वदीच्या अखेरीला आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, मर्सिडीज आली, मग महिंद्र. या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आले. आणि कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला. चाकणची नगरपरिषद गेल्या दहा-बारा वर्षांतली. युरोपात विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे भाग जिथे बनतात, तिथल्या रस्त्याकडेच्या गटाराचा निर्णय बरीच वर्षे सरपंच आणि ग्रामसेवक घेत होते. त्यांना नावे ठेवायची नाहीत. त्यांच्या खिशात होते तेवढ्यात त्यांनी केले.

आपल्याकडे अशा अवस्थेला एक शब्द आहे, बारभाईंचा कारभार. अनेक हात आणि धनी कोणीच नाही, असा त्याचा अर्थ आपण करतो. मला हा शब्द बारभाईंवर अन्याय करणारा वाटतो. १७७४ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर सखारामबापू, नाना फडणीस आणि इतर मुत्सद्दी एकत्र आले. प्रत्येकाचे हेतू वेगळे, स्वभाव वेगळे, पुढे त्यांच्यात बेबनावही झाला. पण सुरुवातीच्या त्या काळात त्यांनी राज्य सावरले, कारण सही-शिक्का एकाच्या नावाचा होता, पाळण्यातल्या सवाई माधवरावाच्या, आणि हुकूम त्या नावाने निघत होता. माणसे बारा, शिक्का एक. आमच्या चौकात माणसे बारा आणि शिक्केही बारा.

एवढे असूनही याच भागात एकदा दोन शिक्क्यांचा एक शिक्का झाला होता. तो बसचा. पुणे शहराची पीएमटी १९५० सालची, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ सालची. दोन्ही पालिकांच्या दोन वेगळ्या बससेवा. माणूस राहायला चिंचवडला, नोकरीला शिवाजीनगरला. त्याचा प्रवास एक, पण दापोडीची हद्द मध्ये. २००७ मध्ये दोन्ही सेवा एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ, आपली पीएमपी, ही कंपनी झाली. त्यात महत्त्वाची गोष्ट बसचा रंग किंवा नवा लोगो ही नव्हती. महत्त्वाचे होते ते प्रमाण. पुणे महानगरपालिकेचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. बस तोट्यात चालते, जगात बहुतेक शहरांत चालते, आणि तो तोटा कोणी किती भरायचा हे आधीच लिहून ठेवले गेले. त्यावरून दोन्ही पालिकांत कुरबुरी होतात. पैसे उशिरा आले म्हणून ओरड होते. ती होऊ द्या. दोन भावांनी एका विहिरीवर भांडणे आणि दोन विहिरी कोरड्या पडणे, यात पहिले बरे.

पण याच प्रमाणात चाकणची अडचण लपलेली आहे. साठ आणि चाळीस मिळून शंभर झाले. चाकण नगरपरिषद, राजगुरुनगर, कुरुळी यांचा त्या शंभरात अंशही नाही. पीएमपीची बस चाकणला जाते, पण ज्या दोन पालिका तिचा तोटा भरतात त्यांच्या हद्दीबाहेर जाते. तेव्हा कोणा नगरसेवकाने सभेत उठून विचारले, की आमच्या करदात्याच्या पैशावर बाहेरच्या गावात बस का चालवायची, तर त्याला उत्तर देणे अवघड जाते. २०२१-२२ च्या एसटी संपाच्या काळात पीएमपीने जिल्ह्यातल्या गावांत बस नेली. लोक सुखावले. संप मिटला, आणि २०२२ च्या अखेरीला त्यातले तोट्याचे अनेक ग्रामीण मार्ग बंद करायचे ठरले. गावाने बस मागितली होती, पण गावाचा वाटा कुठल्याच वहीत नव्हता. ज्याचा वाटा नाही त्याला मिळते ती मेहेरबानी, आणि मेहेरबानीला वेळापत्रक नसते.

मग सगळ्या प्रदेशाचा एकत्र विचार करायला कोणी आहे की नाही? आहे, आणि कायद्यात आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दहा लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या महानगर प्रदेशासाठी महानगर नियोजन समिती असावी असे सांगितले. त्यातले निदान दोन तृतीयांश सदस्य पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडून द्यायचे. मला हे कलम वाचताना बरे वाटले. मंत्रालयात बसून कोणी तरी रेघ ओढावी असे घटनेला अभिप्रेत नाही. गावाची, नगराची, शहराची माणसे एका टेबलाभोवती बसावीत आणि ती बहुमतात असावीत, असे तिचे म्हणणे आहे.

दुसऱ्या बाजूने २०१५ मध्ये राज्य सरकारने पीएमआरडीए स्थापन केले. आठशेच्या वर गावे त्याच्या पोटात आली. त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री, कामकाज चालवणारे सनदी अधिकारी. पीएमआरडीएने प्रदेशाचा विकास आराखडा तयार केला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रस्ते होते, आरक्षणे होती, हजारो लोकांच्या हरकती आल्या. आणि मग वाद उभा राहिला, की हा आराखडा नियोजन समितीला बाजूला ठेवून पुढे गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचले. शेवटी २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द करायचे ठरवले. चार वर्षांचे काम. त्या रेघांवर ज्यांनी जमिनी घेतल्या, ज्यांनी विकल्या नाहीत, ज्यांनी घर बांधायचे थांबवले, त्यांचे काय झाले असेल याचा विचार करा.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. समितीतली शहरांची माणसे नगरसेवकांतून यायची. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे तिथे प्रशासक होता. पुण्यातही तेच. ज्या काळात या प्रदेशाच्या रस्त्यांबद्दल सर्वांत मोठे निर्णय होत होते, त्याच काळात टेबलाभोवतीच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रशासक चांगले काम करीत नाहीत असे नाही. पण भाच्यासारख्या माणसाने ज्याच्या दारात जाऊन शिव्या द्याव्यात असा कोणी उरत नाही. लोकशाहीत त्या शिव्यांनाही काम असते.

अमेरिकेत हाच प्रश्न साठ-सत्तर वर्षांपूर्वी आला होता. शहर मोठे, भोवती डझनभर छोटी नगरे, प्रत्येकाचा महापौर वेगळा, आणि महामार्ग सर्वांच्या अंगावरून जाणारा. १९६२ च्या कायद्याने तिथल्या केंद्र सरकारने एक अट घातली. पन्नास हजारांवर वस्तीच्या शहरी भागाला रस्त्यासाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर राज्य आणि स्थानिक संस्था यांनी मिळून, सतत आणि सर्वांगीण नियोजन केलेले असले पाहिजे. त्यातून पुढे प्रादेशिक वाहतूक नियोजनाच्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बहुधा बुलडोझर नसतो, ठेकेदार नसतो. महापौर आणि छोट्या नगरांचे प्रतिनिधी एकत्र बसून पुढच्या काही वर्षांच्या कामांची एक यादी करतात. त्या यादीत काम नसेल तर केंद्राचा पैसा नाही. एवढीच त्यांची ताकद, आणि ती पुरेशी ठरते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे महापौर यादीसाठी येऊन बसतात. तिकडे सगळे आलबेल आहे असे नव्हे. या संस्था असतानाही तिथे वस्त्यांमधून महामार्ग घातले गेले, आणि मोठे शहर छोट्याला दाबते अशा तक्रारी आजही होतात. पण यादी एक असते आणि ती सर्वांना वाचता येते.

आपल्याकडेही तसा विचार झाला आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांसाठी एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण सुचवले. २०१७ च्या मेट्रो धोरणाने मेट्रोसाठी केंद्राची मदत हवी असेल तर ते असावेच, असा आग्रह धरला. पुण्यासाठी ते स्थापन झाले, त्याला ‘पुम्टा’ म्हणतात. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली बैठका झाल्या. पालिका, पीएमआरडीए, मेट्रो, पीएमपी, पोलीस, सगळे एका खोलीत आले, हेही काही कमी नाही. परंतु पुम्टा सुचवू शकते, विनंती करू शकते. तिजोरीची किल्ली तिच्याकडे नाही. प्रत्येक विभाग बैठकीतून उठतो आणि आपापल्या तिजोरीकडे जातो.

किल्ली नसली की काय होते, ते पुण्याच्या विद्यापीठ चौकाने दाखवले. २००६-०७ च्या सुमारास तिथे उड्डाणपूल झाले. २०२० मध्ये ते पाडले, कारण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो तिथून जाणार होती आणि दोन्हींना एकत्र जागा होत नव्हती. आता तिथे मेट्रो आणि रस्ता मिळून दुमजली पूल झाला. पूल बांधला कोणी, मेट्रो आखली कोणी, हे वेगळे. चौदा वर्षांत एक पूल म्हातारा होत नाही. तो पाडावा लागला, कारण बांधताना पलीकडच्या खोलीत काय नकाशा काढला जाईल याची चौकशी करणारे कोणी नव्हते. पुण्याची मेट्रोही दोन घरची आहे. पिंपरी-स्वारगेट आणि वनाज-रामवाडी महामेट्रोची, हिंजवडीची पीएमआरडीएने खासगी भागीदारीत घेतलेली. रिंगरोडही दोन यंत्रणांनी दोन आखले. सिव्हिल कोर्टला मेट्रो एकमेकींना भेटतात, एवढे बरे.

चौकशी वेळेवर झाली तर काय होते त्याचेही एक उदाहरण या रस्त्यावरच आहे. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी झाली तेव्हा चाकणकरांना वाटले, आता रेल्वे आली. पण मार्ग नारायणगावाजवळ खोडदच्या महादुर्बिणीच्या शेजारून जात होता. जीएमआरटी ही दुर्बीण आकाशातले रेडिओतरंग ऐकते, त्यासाठी तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दूरवर पसरल्या आहेत. विजेवरच्या गाडीने त्या ऐकण्यात गोंगाट होईल, म्हणून मार्ग बदलायचे ठरले. अनेक लोक चिडले. मी स्वतः दोन्हींचा चाहता आहे, रेल्वेचा आणि आकाशाचाही. पण पाहा, आकाशगंगेच्या बाजूने बोलणारे शास्त्रज्ञ योग्य टेबलापर्यंत पोचले आणि त्यांचे ऐकले गेले. सातच्या पाळीचा माणूस कुठल्या टेबलाशी जातो?

आता नवे काम येऊ घातले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने नाशिक फाटा ते खेड असा ३० किलोमीटरचा आठ पदरी उन्नत मार्ग मंजूर केला, खर्च ७,८२७ कोटी रुपये. बरोबर वर्षभराने, ऑगस्ट २०२५ मध्ये, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटेच चाकणच्या चौकात येऊन उभे राहिले, कोंडी पाहिली, आणि चाकणला स्वतंत्र महानगरपालिका हवी असे म्हणाले. गावात त्यावर दोन तट आहेत. काहींना वाटते, पालिका झाली की रस्ते येतील. काहींना वाटते, आधी घरपट्टी येईल. माझ्या बहिणीचे मत दुसऱ्या गटात आहे, आणि ती हिशेबाला पक्की आहे.

उन्नत मार्ग वरून जाईल, नाशिकला जाणारी गाडी चाकणवरून उडून जाईल. चांगलेच आहे. पण तो खाली कुठे उतरणार, उतरण्याच्या जागी एमआयडीसीचा रस्ता किती रुंद असेल, तिथे बसला थांबायला जागा कोण सोडणार, पायी रस्ता ओलांडणाऱ्याचा दिवा कोणाच्या बिलावर जळणार, हे प्रश्न आठ पदरांपैकी एकाही पदरात येत नाहीत. ते महामार्ग प्राधिकरण, एमआयडीसी, नगरपरिषद, ग्रामपंचायत, पीएमपी आणि पोलीस यांना एका यादीवर सही करूनच सोडवावे लागतील. आणि ती यादी काम सुरू होण्याआधी करावी लागेल, खांब उभे राहिल्यावर नाही.

मी भाच्याला हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “मामू, म्हणजे दिव्याचा अर्ज कोणाकडे द्यायचा ते अजून ठरले नाही ना?” मी म्हटले, नाही. तो म्हणाला, “मग आपण सगळ्यांकडेच देऊ.” आम्ही अर्जाच्या आठ प्रती काढल्या. दोन ठिकाणची पोच मिळाली आहे.